अपडेट झालं आणि हार्ड डिस्क दिसेना : टीव्ही बॉक्सवाल्यांनो, अनुभव लिहा

जळगाव (धागाकर्ता)
आमच्या अँड्रॉइड बॉक्सला रात्री नवं सॉफ्टवेअर आलं आणि सकाळपासून हार्ड डिस्कवरचं काहीच दिसेना. बहिणीच्या हळदीचं आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जमलेल्या सगळ्या पोरींचं शूटिंग तिच्यावरच. नाना येता-जाता विचारायचे, "काय व्हयनं रे भाऊ?" ओळखीपाळखीत विचारलं तर धुळं, भुसावळ, चोपडा, सगळीकडे हेच रडगाणं, पण कारण प्रत्येकाचं वेगळं. म्हणून हा धागा. काय झालं, काय केलं, सुटलं की नाही, सगळं लिहा. एक विनंती मात्र आधीच करतो. पडद्यावर 'फॉरमॅट करा', म्हणजे डिस्क पुसून कोरी करा, असं आलं तर बटण दाबायच्या आधी डिस्क काँप्युटरला लावून बघा. तिथे फायली दिसल्या म्हणजे डेटा शाबूत आहे.

माझं कारण असं निघालं. अपडेटने बॉक्स अँड्रॉइड 11 वर गेला. 2020 साली आलेल्या या आवृत्तीपासून ॲपला सगळं स्टोरेज सरसकट उघडं मिळत नाही, वेगळी परवानगी द्यावी लागते. सेटिंग्जमध्ये डिस्क दिसत होती, किती जागा भरली तेही दिसत होतं, पण प्लेअर (व्हिडिओ लावायचं ॲप) फोल्डर रिकामाच दाखवायचा. ॲप्समध्ये 'विशेष ॲप ॲक्सेस', त्यात 'सर्व फायलींचा ॲक्सेस', तिथे प्लेअर चालू केला आणि हळद दिसायला लागली. माझा जुना प्लेअर त्या यादीत येतच नव्हता, आधी त्याची नवी आवृत्ती टाकावी लागली.

भुसावळ
आमची डिस्क टिकटिक करायची, क्षणभर दिसायची आणि गायब. काँप्युटरवर मात्र सुरळीत. हा विजेचा प्रश्न होता. यूएसबी 2.0 च्या पोर्टमधून 500 मिलीअँपिअर आणि 3.0 मधून 900 एवढाच करंट मिळतो असं धरून चाला. फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना जास्त लागतो. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मधे लावला, तेव्हापासून तक्रार नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यामुळे डिस्क बॉक्सच्या डोक्यावर ठेवणंही बंद केलंय.

चोपडा
माझं सुटलं नाही. तरी लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी वाचेल.

बॉक्सची मेमरी 8 जीबी, त्यात ॲप मावेनात. बसवायला आलेल्या मुलाने डिस्क लावताना 'डिव्हाइस स्टोरेज म्हणून वापरा' हा पर्याय घेतला. अँड्रॉइड 6 पासून, म्हणजे 2015 पासून, ही सोय आहे. तिच्यात डिस्क आधी पुसली जाते, मग एन्क्रिप्ट होते आणि त्या कुलपाची किल्ली फक्त बॉक्समध्ये राहते. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर आम्ही आजीने म्हटलेल्या कानबाईच्या (आमच्या खानदेशातली देवी) गाण्यांचं रेकॉर्डिंग तिच्यावर टाकलं. तिच्या सणाला, रोटांच्या रात्री आजी गायला बसली की गल्लीतल्या बायका उठायच्या नाहीत. त्यातली बरीच गाणी आता गल्लीत कुणालाच पूर्ण येत नाहीत.

अपडेटनंतर बॉक्स लोगोवरच अडकला. दुरुस्तीला दिला, तिथे "नवीन करून देतो" म्हणाले आणि न विचारता फॅक्टरी रीसेट मारला, म्हणजे बॉक्समधलं सगळं पुसून तो कोरा केला. बॉक्स चालू झाला, किल्ली गेली. डिस्क काँप्युटरला लावली तर तीही फॉरमॅटच मागते. डेटा रिकव्हरीवाल्यानेही हात टेकले, म्हणाला डिस्क खराब असती तर काहीतरी निघालं असतं, ही कुलूपबंद आहे. मावसभावाच्या मोबाइलमध्ये थोडे तुकडे मिळाले, तेवढेच. रीसेटने काय जातं ते गिऱ्हाइकाला आधी सांगायलाच हवं. याचा राग माझ्या मनातून जात नाही.

धुळे
माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. चोपड्याच्या दादांचं वाचून फार वाईट वाटलं. रीसेटच्या आधी विचारणं हे आमचं कामच आहे.

माझ्याकडे जास्त करून एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट) डिस्कची तक्रार येते. लाइट अचानक गेली किंवा चालू बॉक्समधून डिस्क उपटली की तिच्यावर 'नीट बंद झाली नाही' अशी खूण राहते. काही बॉक्सचं जुनं सॉफ्टवेअर तशी डिस्कही लावून घ्यायचं, नवं नाकारतं. विंडोजवर डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये 'टूल्स', तिथे 'चेक' करा, मग सेफली रिमूव्ह करून काढा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. फॉरमॅट करायचंच असेल तर आधी सगळं दुसरीकडे कॉपी करा. एफएटी32 या जुन्या फॉरमॅटवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, लग्नाचं शूटिंग तिथेच अडकतं. एक्सएफएटी या नव्या फॉरमॅटला ती अडचण नाही, पण सगळेच बॉक्स ते वाचत नाहीत. आधी रिकाम्या पेनड्राइव्हवर करून बघा.

शहादा
आमचा डिशचा बॉक्स आहे. अपडेटनंतर बिघडला म्हणून बदलून मिळाला, तर जुन्या रेकॉर्डिंगची डिस्क नव्यावर चालेना. चौकशी केली तेव्हा कळलं की असं रेकॉर्डिंग ज्या बॉक्सवर केलं त्यालाच बांधलेलं असतं, शेजारच्या तशाच बॉक्सवरही ते लागत नाही. घरचं शूटिंग असल्या डिस्कवर ठेवूच नका, कारण बॉक्स तिला स्वतःसाठी फॉरमॅट करून घेतो.

पारोळा
मी अपडेट आलं की आधी डिस्क काढतो, रीस्टार्ट पूर्ण झाल्यावर लावतो. ॲटोमॅटिक अपडेट बंद ठेवलंय, पण कायमचं टाळत नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यातूनच येतात.

यावल
आमचा त्रास जरा वेगळा. अपडेटनंतर डिस्क दिसायची, पण ती लावली की रिमोट दाबला तरी दाद नाही आणि वायफाय रडत चालायचं. सगळ्यांनी अपडेटलाच शिव्या दिल्या. मुलीने शोधून काढलं की यूएसबी 3.0 ची डिस्क आणि केबल चालू असताना 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट करतात, आणि ब्लूटूथ रिमोट नेमका तिथेच बोलतो. इंटेलने 2012 मध्येच यावर लिहून ठेवलंय. घाईत जुन्या सॉफ्टवेअरवर जाऊ नका, आधी चांगल्या शील्डिंगची यूएसबी एक्स्टेंशन केबल घेऊन डिस्क बॉक्सपासून हातभर लांब ठेवा. आमचं तेवढ्यावर सुटलं. वायफाय राउटरच्या 5 गिगाहर्ट्झवर घेतलं, तेही नीट चालतंय.