थ्रीडी प्रिंटिंगचं मिक्स: पाच-सहा थरांनंतर भिंत बसते, मदत हवी आहे

वेर्णा_वर्कशॉप:
काँक्रीट प्रिंटरवर बागेतले बाक काढतोय. पाच-सहा थर झाले की खालचा थर फुगतो आणि सगळं बसतं. पाणी कमी केलं की होज (पंपाची नळी) तुंबतो. सिमेंट वाढवूनही तेच. कुठलं ॲडमिक्श्चर (मिक्समध्ये घालायचं रसायन) टाकू तेवढं सांगा, नमुना याच आठवड्यात द्यायचाय.

डिचोलीकर:
ॲडमिक्श्चर नंतर. वाळू कुठली? नोझलचं तोंड किती मिमी? एका थरावर दुसरा किती वेळानं येतो?

फोंडा_सिव्हिल:
सिमेंट वाढवू नका. साचा नसल्यानं चारी बाजूंनी पाणी उडतं, तडे जातील. मी सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिबारीक पूड) आणि किंचित ॲटापल्गाइट माती घालतो. पंपात ढवळली जाते तोवर पातळ, थांबली की घट्ट.

साळगाव७:
माती कशाला? काँक्रीट लवकर आवळणारं ॲक्सिलरेटर घाला, विषय संपला.

फोंडा_सिव्हिल:
कुठे घालणार? नोझलपाशी मिसळायची सोय नसेल तर अख्खा होज दगड होईल. थर फार लवकर आवळला तर वरचा त्याला धरत नाही, आणि आपल्या पावसात पाणी त्याच फटीतून शिरतं.

काणकोण_चिरे:
बंगळुरूचं केंब्रिज लेआउट पोस्ट ऑफिस २०२३ मध्ये असंच छापलं. इथे घर छापायला पंचायत परवाना देईल का? नाहीतर आपला जांभ्याचा चिराच बरा.

वेर्णा_वर्कशॉप:
घर नाही हो, बाक! वाळू क्रशरची, नदीची रेती मिळते कुठे? ढीग उघड्यावर आहे. नोझल ३० मिमी. अर्ध्या मिनिटात वरचा थर येतो. सकाळी बसतं, तुंबतं ते दुपारी.

डिचोलीकर:
मग वाळूतलं पाणी बघा. रात्री ढीग भिजतो, दुपारी वरून सुकतो, आणि तुम्ही नळाचंच पाणी मोजता. किलोभर ओली वाळू कढईत कोरडी होईपर्यंत परता, पुन्हा वजन करा. ५० ग्रॅम कमी भरली तर १०० किलो वाळूत ५ लिटर पाणी आधीच आहे. ढिगावर ताडपत्री घाला. आणि दोन बाक शेजारी-शेजारी छापा, म्हणजे प्रत्येक थराला दुप्पट वेळ मिळेल.

साळगाव७:
तरी ॲक्सिलरेटर लागेलच.

वेर्णा_वर्कशॉप:
कढई आत्ताच चढवतो. दोन बाकांमधल्या जागेत पंप बंद करावा लागेल ना? तेवढ्यात होजमध्ये आवळणार नाही?

डिचोलीकर:
होज किती मीटर आहे? आणि वाळू चाळता का?