गेटवे अपडेट करायचाय, पण रिकव्हरी की कुणाकडेच नाही

अहवालकर्ती:
नमस्कार. आमच्या कंपनीच्या सर्व्हरवर पॉवर बीआयचा (मायक्रोसॉफ्टच्या अहवाल बनवायच्या साधनाचा) ऑन-प्रिमाइसेस डेटा गेटवे आहे, म्हणजे कंपनीतला डेटा क्लाउडमधल्या अहवालांपर्यंत नेणारं सॉफ्टवेअर. तो स्टँडर्ड मोडमधला, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायचा. एकच मशीन, क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या गेटवे मशीनचा गट) नाही. एसक्यूएल सर्व्हर, एक ओरॅकल डेटाबेस आणि शेअर्ड फोल्डरमधल्या काही एक्सेल फायली एवढं सगळं त्याच्यावरून जातं. व्हर्जन वर्षापेक्षा जुनं झालंय. रिफ्रेश (अहवालांत ताजा डेटा येणं) चालू आहे, म्हणून आजवर कुणी हात लावला नाही. आता ही जबाबदारी माझ्याकडे आली आहे आणि लेखाविभागाचे महिनाअखेरीचे अहवाल यावरच निघतात.

जुना अनइन्स्टॉल करून नवा टाकू, की आहे त्यावरच चढवू? मधली सगळी व्हर्जन्स ओळीने घ्यावी लागतात का? आणि मोठी अडचण म्हणजे, ज्यांनी तो बसवला ते केव्हाच नोकरी सोडून गेलेत. रिकव्हरी की, म्हणजे गेटवे बसवताना ठरवलेला गुप्त शब्द, कुठेही लिहून ठेवलेली नाही.

सर्व्हर_सांभाळणारा:
ताई, सगळ्यात आधी एक सांगतो: अनइन्स्टॉल अजिबात करू नका.

कारण असं आहे. डेटा सोर्सचे (डेटा जिथून येतो त्या डेटाबेस-फायलींचे) युजरनेम-पासवर्ड क्लाउडमध्ये एन्क्रिप्ट होऊन राहतात आणि ते उलगडण्याची सोय फक्त तुमच्या गेटवे मशीनवर असते. मशीन गेलं किंवा गेटवे काढून टाकला, तर तोच गेटवे पुन्हा उभा करायला रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्टकडेही नसते, त्यामुळे तिकीट टाकून मिळेल ही आशा सोडा. अपडेटसाठी मात्र की लागत नाही. नवा इन्स्टॉलर उतरवून त्याच मशीनवर चालवा, तो जुना गेटवे ओळखतो आणि त्यावरच चढतो. मधली व्हर्जन्स एकेक करून घ्यायची गरज नाही. शेवटी साइन-इन केलं की झालं, नोंदणी तीच राहते.

'रिफ्रेश चालू आहे' हे कारण पुरेसं नाही. गेटवेचं नवं व्हर्जन साधारण दर महिन्याला येतं आणि सपोर्ट फक्त शेवटच्या सहांना असतो. तुम्ही त्याच्या बाहेर गेला आहात. शिवाय अहवाल बनवणाऱ्यांचं पॉवर बीआय डेस्कटॉप हे अ‍ॅप दर महिन्याला पुढे सरकतं. त्यातली एखादी नवी गोष्ट वापरून कुणी क्वेरी (डेटा आणायची सूचना) लिहिली, तर ती त्याच्या लॅपटॉपवर चालेल आणि गेटवेवर अडकेल. मग दोष क्वेरीत शोधत बसाल.

चढवण्याआधी व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची प्रत) घ्या. तुमच्याकडे की नाही म्हटल्यावर माघारी यायचा तोच एक रस्ता आहे. गेटवेची सर्व्हिस कुठल्या खात्याने चालते तेही पाहून ठेवा. मुळात ते 'पीबीआयईजीडब्ल्यूसर्व्हिस' असतं, पण कुणी डोमेन खातं (कंपनीच्या नेटवर्कचं खातं) लावलं असेल तर अपडेटनंतर तेच आहे ना हे तपासा. खातं बदलायची वेळ आली तर तिथेही की मागितली जाते! कॉन्फिग फाइलमध्ये कुणी हाताने बदल केले असतील, प्रॉक्सीसाठी (इंटरनेटकडे जाणाऱ्या वाटेवरच्या मधल्या सर्व्हरसाठी) बऱ्याचदा करतात, तर त्या फाइलची प्रत बाजूला ठेवा. नवी गेटवे व्हर्जन्स डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ मागतात. ते नसेल तर आधी बसवा, कारण त्यानंतर सर्व्हर रीस्टार्ट करावा लागू शकतो.

अहवालकर्ती:
खूप आभार. म्हणजे अपडेट होईल, पण की नसल्याची टांगती तलवार राहणारच ना? दुसरं मशीन घेऊन क्लस्टर केला तर?

सर्व्हर_सांभाळणारा:
असलेल्या क्लस्टरमध्ये नवं मशीन जोडायलाही तीच की लागते. आणि नवी की लावायची तर जुनी द्यावी लागते. तेव्हा हा गेटवे फक्त पुढचे काही आठवडे चालवायचा, असं समजून अपडेट करा. मग दुसऱ्या मशीनवर स्वतंत्र नवा गेटवे बसवा, कारण एका मशीनवर दोन स्टँडर्ड गेटवे राहत नाहीत. त्यावर डेटा सोर्स पुन्हा तयार करा, पासवर्ड संबंधितांकडून नव्याने घ्या आणि एकेक सिमँटिक मॉडेल (अहवालामागचा डेटासंच) सेटिंग्जमधून नव्या गेटवेकडे वळवा. दोन्ही एकाच वेळी चालू राहतात, त्यामुळे घाई नाही. लेखाविभागाची मॉडेल्स शेवटी हलवा, तीही महिन्याच्या मध्यात.

नवी की कंपनीच्या पासवर्ड व्हॉल्टमध्ये ठेवा आणि निदान दोघांना गेटवेचं अ‍ॅडमिन करा. माझं हे आग्रहाचं सांगणं आहे. एक माणूस गेला म्हणून अख्ख्या विभागाने अडून बसावं, ही वेळ पुन्हा कुणावर येऊ नये.

क्वेरीकार:
वरच्याशी सहमत. नव्या मशीनबद्दल थोडी भर घालतो. ओरॅकलचा ६४-बिट क्लायंट (ओरॅकलशी जोडणारं सॉफ्टवेअर) त्या मशीनवर वेगळा बसवावा लागतो का, ते तुमच्या गेटवे व्हर्जनसाठी तपासा. एक्सेलच्या फायलींचा रस्ता 'झेड ड्राइव्ह' असा, म्हणजे नेटवर्क फोल्डरला दिलेल्या अक्षराने, दिला असेल तर सर्व्हिसला तो दिसणार नाही. सर्व्हरच्या नावासकट पूर्ण नेटवर्क पाथ द्या. आणि डेस्कटॉपमध्ये सर्व्हरचं नाव जसं लिहिलंय, गेटवेच्या डेटा सोर्समध्येही तसंच हवं. एकीकडे नाव आणि दुसरीकडे आयपी असेल, तर मॉडेलच्या सेटिंग्जमध्ये तो सोर्स जुळणारच नाही.

नेटवर्क_विभाग:
नव्या मशीनसाठी फायरवॉलवाल्यांना आधीच कळवा. गेटवेला आत येणारा एकही पोर्ट (नेटवर्क जोडणीचं क्रमांकाचं दार) उघडावा लागत नाही, सगळं बाहेर जाणारं असतं: टीसीपी ४४३, ५६७१, ५६७२ आणि ९३५० ते ९३५४. तेवढे उघडायला नकार आला तर गेटवे एचटीटीपीएस मोडवर ठेवा, मग ४४३ वर भागतं. गेटवेच्या अ‍ॅपमध्येच नेटवर्क पोर्ट तपासायची सोय आहे, ती चालवून निकाल हिरवा आल्यावरच डेटा सोर्स जोडायला घ्या. आणि डोमेन कंट्रोलर (कंपनीच्या नेटवर्कची लॉगिन तपासणारा सर्व्हर) असलेलं मशीन यासाठी निवडू नका.

अहवालकर्ती:
समजलं. शनिवारी रात्री कुठलंही रिफ्रेश लावलेलं नसतं, तेव्हा स्नॅपशॉट घेऊन जुना गेटवे अपडेट करते. नव्या मशीनची मागणी आजच टाकली, सोबत पोर्टची यादीही जोडली आहे. ओरॅकलचा पासवर्ड कुणाकडे आहे, ते आता शोधते.