तारेपेक्षा खांब बघा

विजेच्या लाइनींमुळे पक्षी मरतात म्हटलं की काही जण विचारतात, 'पक्षी तारेवर खुशाल बसतात, त्यांना शॉक लागत नाही, मग विजेच्या नावानं ओरड कशाला?' हा मुद्दा अर्धाच खरा आहे. दोन्ही पाय एकाच तारेवर असले तर पक्ष्याला काही होत नाही. पण तो खांबाच्या लोखंडी आडव्या पट्टीवर बसला की गोष्ट बदलते. पट्टी जमिनीला जोडलेली, आणि ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) तार तिच्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर. उडताना पंख तारेला टेकला की करंट पक्ष्यातूनच खाली जातो. चिमणीचा पंख तिथवर पोचत नाही. घुबड, घार, बगळा यांचा सहज पोचतो, म्हणून मरतात तेच.

रावेरकडे आमच्या केळीच्या बागेशेजारी डीपी, म्हणजे खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर आहे. दोन वर्षांपूर्वी पहाटे पाण्याची बारी होती आणि मोटार अचानक बंद पडली. बघायला गेलो तर खाली गव्हाणी घुबड पडलेलं. एका पंखाला जळाल्याचं भोक, एका पायाची नखं काळी, चोचीत अजून उंदीर. आमचेच उंदीर खाणारं पाखरू हो, फार वाईट वाटलं. लाइनमनभाऊंना ते दाखवलं. पुढच्या वेळी फिडर (भागाला वीज देणारी लाइन) बंद असताना त्यांनी डीपीवरच्या उघड्या जंपरांना, म्हणजे जोडणीच्या छोट्या तारांना, इन्सुलेशनची नळी चढवली, तासाभराचं काम. त्यानंतर त्या डीपीखाली मेलेलं पाखरू मला दिसलेलं नाही. सगळ्या लाइनी जमिनीखाली जाईपर्यंत थांबू नका. आपापल्या शिवारातल्या डीपीखाली पिसं पडलीत का ते बघा आणि त्या खांबाचा नंबर लाइनमनला कळवा. स्वतः मात्र वर चढू नका.