शंभर रुपयांखालील वस्तूंचे ऑनलाइन दुकान

प्रश्न : मला सोलापुरातून 50 ते 90 रुपयांची ऑक्सिडाइज्ड कानातली स्वतःच्या संकेतस्थळावरून विकायची आहेत, परंतु कुरिअरचा खर्चच वस्तूच्या किमतीएवढा होतो, तेव्हा हे गणित कसे बसवावे?

उत्तर : ताई, एकेक जोड विकूच नका, पाच जोडांचा संच करा. माल मिळाल्यावर पैसे देण्याची सोय सुरुवातीला टाळावी, कारण ग्राहकाने नाकारलेले पार्सल परत येते, तेव्हा जाण्यायेण्याचे दोन्ही भाडे आपल्याच माथी बसते. माझा पहिल्या चार महिन्यांचा नफा त्यातच गेला. यूपीआयने आगाऊ पैसे घ्या.

दुसरे उत्तर : राज्याबाहेर माल विकायचा असल्यास उलाढाल कितीही लहान असली तरी सामान्यतः जीएसटी नोंदणी लागते. विक्री केवळ महाराष्ट्रातच असेल, तर वार्षिक 40 लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सूट आहे.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. आधी महाराष्ट्रापुरतेच आणि संचानेच विकेन.