भयपटांतील स्त्री : अभ्यासाची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : भयपटांतील स्त्रीचित्रणावर मी प्रबंध लिहीत आहे. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांचा पुरुषी दृष्टीविषयीचा (चित्रपट स्त्रीला पुरुषाच्या नजरेने पाहण्याची वस्तू बनवतो, असे मांडणारा) १९७५ चा निबंध या चित्रपटांना पुरेसा लागू पडतो का?

उत्तर १ : पुरेसा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ च्या निबंधात आणि पुढे १९९२ च्या ग्रंथात दाखवले, की स्लॅशर चित्रपटांत (एकामागून एक खून करणाऱ्या मारेकऱ्याच्या भयपटांत) शेवटपर्यंत जिवंत राहून मारेकऱ्याशी झुंजणाऱ्या मुलीच्या भीतीशी तरुण पुरुष प्रेक्षकही एकरूप होतो. म्हणजे पाहणारा नेहमी सत्ता गाजवणाराच असतो, हे मल्व्ही यांचे गृहीतक येथे डळमळते. मात्र ही नायिका बहुधा संयमी आणि काहीशी पुरुषी घडवलेली असते, त्यामुळे तिच्या विजयाला लगेच स्त्रीवादी ठरवू नये. क्लोव्हर यांनीही तसे केलेले नाही.

उत्तर २ : बार्बरा क्रीड अवश्य वाचा. स्त्री केवळ बळी नसून स्वतःच भयाचे रूप असते, ही त्यांची १९९३ ची मांडणी मनोविश्लेषक आणि विचारवंत ज्युलिया क्रिस्तेवा यांच्या विचारांवर उभी आहे. ‘एलियन’ या विज्ञान-भयपटातील जन्माच्या भीषण प्रतिमांचे त्यांनी केलेले विश्लेषण मला आजही सर्वांत प्रभावी वाटते, जरी मनोविश्लेषणावरील, म्हणजे नेणिवेच्या आधारे अर्थ लावण्यावरील, इतका भर इतिहास आणि वर्ग यांना झाकोळतो.

उत्तर ३ : लिंडा विल्यम्स यांचा १९८४ चा निबंधही पाहावा. राक्षसाकडे पाहणाऱ्या स्त्रीला त्या पाहण्याचीच शिक्षा होते, हा त्यातील मुद्दा आपल्या प्रश्नाशी थेट भिडतो.