छोट्या मालवाहू विमान कंपनीत नोकरी: भाच्याने घ्यावी का?

सांजपाखरू
नमस्कार मंडळी. भाचा वर्षभर मुंबई विमानतळावर प्रवासी विमानांचं ग्राउंड हँडलिंग करतोय. आता तीन विमानांच्या एका मालवाहू कंपनीने त्याला लोड कंट्रोलसाठी, म्हणजे विमानात माल कसा भरायचा ते ठरवायच्या कामासाठी बोलावलंय. पगार थोडा जास्त, पण कायम रात्रपाळी. ताई म्हणते, "माणसं नेणारी कंपनी सोडून खोकी नेणाऱ्यांकडे कशाला?" मला यातलं ओ की ठो कळत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. जाणकारांनी सांगावं.

पॅलेटवाला
ताईंना सांगा, खोकी जेवण थंड होतं म्हणून भांडत नाहीत :)

आयुष्य लोड कंट्रोलमध्ये गेलं, आता निवृत्त आहे. छोट्या कंपनीत काट्यावर पॅलेट (माल रचून बांधलेला सपाट पाट) चढवण्यापासून लोडशीटवर, म्हणजे वजनाच्या हिशोबाच्या कागदावर, कॅप्टनची सही घेईपर्यंत सगळं एकाच माणसाच्या गळ्यात पडतं. दमछाक होते, पण शिकायला मिळतं ते तिथेच.

एक गंमत सांगतो. बोइंग ७३७ च्या मालवाहू विमानात वरच्या डेकचं मोठं दार पुढच्या बाजूला असतं. म्हणजे पहिलं पॅलेट आत आलं की रोलरवरून ढकलत थेट मागे न्यायचं. मागे टनावारी माल आणि पुढे अजून मोकळंच, असं झालं तर विमान उभ्या जागी शेपटीवर बसतं! म्हणून शेपटीखाली टेकू लावतात. कुठलं पॅलेट कुठे, कुठल्या क्रमाने, हे कागदावर मांडायचं काम लोड कंट्रोलचं.

आणि बांधणी. २०१३ मध्ये अफगाणिस्तानातल्या बग्रामहून लष्करी वाहनं घेऊन निघालेलं बोइंग ७४७ मालवाहू विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. सातही जण गेले. आतलं वाहन पट्टे तोडून मागे सरकलं होतं आणि शेपटीकडची यंत्रणाच मोडली होती.

'अंदाजे ८०० किलो' सांगितलेलं पॅलेट काट्यावर १०५० भरतं. पहाटेचे अडीच, कॅप्टन घड्याळ बघतोय, स्टेशन मॅनेजर फोनवर ओरडतोय. तेव्हा "हे उतरवा" म्हणायची धमक भाच्यात आहे का? नसेल तर जाऊ नये.

वऱ्हाडी ठेचा
वरचं सगळं खरं, पण मी आधी वेगळंच विचारीन: माल कोणाचा?

आमच्या नागपूरचंच उदाहरण घ्या. एअर डेक्कनवाल्या कॅप्टन गोपीनाथांनी २००९ मध्ये डेक्कन ३६० ही मालवाहू कंपनी काढली, हब (मुख्य तळ) नागपूर. देशाच्या मधोमध, रात्री चहूबाजूंनी विमानं यायची, मालाची अदलाबदल, सकाळच्या आत परत. नकाशावर इतकं देखणं की आम्ही सगळे हुरळलो होतो. २०११ मध्ये बंद. विमानाचा हप्ता आणि इंधनाचं बिल पहिल्या दिवसापासून सुरू होतं, गिऱ्हाईक मात्र आपल्या सवडीने येतं.

उलट ब्लू डार्टने १९९६ मध्ये स्वतःची विमानं उडवायला सुरुवात केली, तेव्हा कुरिअरचा धंदा आधीच हातात होता. क्विकजेट या मालवाहू विमान कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये ॲमेझॉनचा माल न्यायला सुरुवात केली. म्हणजे पोतं आधी, गाडी नंतर.

सासऱ्यांचा ट्रक होता. ते म्हणायचे, जातानाच्या भाड्यावर डिझेल निघतं, येतानाच्या भाड्यावर घर चालतं. विमानाचंही तेच. भाच्याला परतीचा माल विचारायला सांगा.

कंदीलवाली
धाग्याशी फारसा संबंध नाही, तरी विचारते. आकाशकंदिलांचं खोकं ६०×५०×४० सेंमी, वजन चार किलो. एअर कार्गोने बिल लावलं वीस किलोचं! हे काय गौडबंगाल?

पॅलेटवाला
गौडबंगाल नाही, ताई. लांबी × रुंदी × उंची सेंमीत, भागिले ६०००. तुमचे वीसच येतात. हे जागेचं वजन आणि काट्यावरचं वजन, यात जे जास्त, त्यावर बिल. पार्सलांनी विमान वजनाआधी जागेने भरतं ना, म्हणून. बरेच कुरिअरवाले तर ५००० नेच भागतात. कंदील घडीचे करून पाठवा.

सांजपाखरू
वऱ्हाडी ठेचा, हा मुद्दा डोक्यातच नव्हता. धोकादायक मालाचं काय? ताईला तीच भीती आहे.

पॅलेटवाला
भीती अगदीच अनाठायी नाही. २०१० मध्ये दुबईला लिथियम बॅटरींमुळे आग भडकलेलं मालवाहू विमान पडलं, दोन्ही वैमानिक गेले. नुसत्या (उपकरणाशिवाय पाठवलेल्या) लिथियम-आयन बॅटरी २०१६ पासून प्रवासी विमानात माल म्हणून चालत नाहीत. मालवाहू विमानातही त्या ३० टक्क्यांहून जास्त चार्ज नकोत. म्हणजे असा माल भाच्याकडे येणारच. डेंजरस गुड्सचं प्रशिक्षण दर दोन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. खर्च कंपनी करते की त्याच्याकडून बाँड (अमुक काळ नोकरी सोडणार नाही अशी हमी) लिहून घेते, हे लेखी घ्या.

रातकिडा
नवरा सात वर्षं अशाच पाळीत आहे. काळे पडदे घ्या आणि दुपारी बेल वाजवणाऱ्या नातेवाइकांची यादी करा. बाकी सगळं सवयीने जमतं.

सांजपाखरू
अपडेट: मुलाखत झाली. जाताना एका कुरिअर कंपनीचा माल, करार अजून दीड वर्षाचा. परतीचा विचारल्यावर साहेब म्हणाले, "आज अर्धं विमान येतं, तेही कधी कधी." खरं बोलले म्हणून भाचा खूश, ताई आणखीच घाबरली. प्रशिक्षणाचा खर्च कंपनीचा, बाँड एक वर्षाचा. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. वऱ्हाडी ठेचा, अर्धं म्हणजे कितपत वाईट?

वऱ्हाडी ठेचा
सासरे अर्ध्या ट्रकवरही निघायचे. पण ट्रक त्यांचा स्वतःचा होता. ही विमानं कंपनीची की भाड्याची?