बोस कृष्णम्माचारीला स्वतःचं काम करायला वेळ कधी मिळत असेल?

रंगारी_कोल्हापूर:
मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलला फायनलला आहे. आम्ही चारपाच जण मिळून कोल्हापूरला जागा बघतोय, स्टुडिओ कम गॅलरी, चालवायची आम्हीच. सर म्हणाले मॅनेजर होशील, कलाकार राहणार नाहीस. मी चित्रकार बोस कृष्णम्माचारीचं नाव काढलं, तोही जेजेचाच ना, तर म्हणे आता त्याला बिएनालेवाला (कोचीचं ते दर दोन वर्षांनी भरवायचं मोठं कलाप्रदर्शन) म्हणूनच ओळखतात. खरंय का?

खडूचुरा:
सरांना त्याचं डब्यांचं काम दाखव. १०८ वापरलेले जेवणाचे डबे, स्कॅफोल्डिंगला टांगलेले, प्रत्येकात बारकासा स्क्रीन आणि बाहेर हेडफोन लोंबतोय, कानाला लावला की कोणीतरी मुंबईकर बोलायला लागतो. आता यात कलाकार कुठे संपला आणि क्युरेटर, म्हणजे दुसऱ्यांचं काम निवडून प्रदर्शन मांडणारा, कुठे सुरू झाला ते सांगा. २००४ ला त्याने बॉम्बे बॉईज शो क्युरेट केला होता, मग लावा, म्हणजे पुस्तकं-डीव्हीडींची फिरती लायब्ररी, हे सगळं कोचीच्या आधीचं. रियास कोमू या दुसऱ्या आर्टिस्टबरोबर १२/१२/१२ ला बिएनाले उघडली ती काय आभाळातून नाही पडली.

फेणी_नको_चहा:
कौतुक ठीक आहे, पण २०२२ विसरलात का? १२ डिसेंबरची बिएनाले ऐनवेळी २३ वर ढकलली, लांबून आलेली मंडळी फोर्ट कोचीत नुसती हिंडत बसली, आणि मग आर्टिस्टांनीच जाहीर पत्र काढलं की शिपमेंट उशिरा आली, पावसाचं पाणी आत येतंय, लाइटचा पत्ता नाही. आर्टिस्टच्या हातात कारभार म्हणजे आर्टिस्टचे हाल होणार नाहीत ही गोड समजूत आहे.

खडूचुरा:
मान्य. पण पहिल्या बिएनालेनंतर क्युरेटरची खुर्ची दरवेळी दुसऱ्या आर्टिस्टला दिली हे तरी बघ, २०१४ ला जितीश कल्लाट, मग सुदर्शन शेट्टी, मग अनिता दुबे.

फेणी_नको_चहा:
हो, आणि २०२५ ला निखिल चोप्रा, तो तर आमच्या गोव्याचा एचएच आर्ट स्पेसेसचा अख्खा ग्रुप घेऊन गेला. ते आर्टिस्टच मिळून २०१४ पासून रेसिडेन्सी, म्हणजे कलाकारांनी येऊन राहून काम करायची जागा, चालवतायत. रंगारी, तू कोची नको बघूस रे, तिथे सरकारचा पैसा आहे, अख्खं फाउंडेशन आहे, तू एचएच बघ. चारपाच जणांचा मेळ तसल्याच जागेत जमतो.

रंगारी_कोल्हापूर:
आमच्यात भाड्यावरूनच वाजायला लागलंय, अ‍ॅग्रीमेंट कोणाच्या नावावर करायचं?

खडूचुरा:
एकाच्या नको, दोघांच्या नावावर करा आणि डिपॉझिट कोणी किती भरलं ते आधी कागदावर घ्या. भिंतींचा रंग नंतर ठरवा.